पाय झाकू नका, पाय धुवा

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या बचत गटांच्या बाया. आमच्यातल्या बऱ्याच जणी विड्या वळतात, काही टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जातात, काही घरीच शिवणकाम करतात. एरवी आम्ही बोलतो ते कर्ज, हप्ता आणि बँकेबद्दल. आज मात्र एका आजाराबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव घ्यायलाही आपल्याकडे बाया कचरतात. कोणी विचारलं तर "पाय जरा सुजलाय ओ अक्का, उभं राहून राहून" एवढंच सांगतात आणि साडी अजून चार बोटं खाली ओढतात. त्या आजाराचं नाव हत्तीरोग. आपण हत्तीपाय म्हणतो.

महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत हा आजार पूर्वीपासून आहे, त्यात आपला सोलापूर जिल्हा आहे. मोहीम असते तेव्हा आशाताई गोळ्यांचा डबा घेऊन दारात येतात. गोळ्यांबद्दल पुढे बोलूच. आधी बोलायचंय ते ज्यांचा पाय आधीच सुजलेला आहे त्यांच्याबद्दल. "सुजला तो सुजला, आता काय होणार" असं म्हणून त्यांना सगळ्यांनी सोडून दिलेलं असतं, आणि त्यांनी स्वतःही. खरं तर करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बहुतेक आपल्या मोरीतच करता येतं.

हा रोग होतो कसा, ते आधी समजून घेऊ. कोणाच्या शापानं होत नाही, मागच्या जन्माच्या पापानं होत नाही, आईकडून मुलीला रक्तातून येत नाही. शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका बाथरूममध्ये अंघोळ केल्यानंही होत नाही. तो डासातून होतो. घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारात, संडासाच्या टाकीत जो डास वाढतो, त्यातून. एखाद्याच्या रक्तात या रोगाचे बारीक जंतू असले आणि डास त्याला चावला की ते जंतू डासाच्या पोटात जातात. तिथं दहा-बारा दिवस वाढतात आणि तोच डास दुसऱ्याला चावला की त्याच्या अंगात शिरतात. एकदा-दोनदा चावून सहसा काही होत नाही. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं डास चावत राहतात तेव्हा हे घडतं.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांसारख्याच आणखी बारीक नळ्या असतात. पायात, हातात साचणारं जादा पाणी परत वर नेण्याचं काम त्या करतात. जंतू मोठे होऊन सुतासारखे किडे बनतात आणि या नळ्यांत घर करतात. एकेक किडा सहा-आठ वर्षं जगतो. त्यानं नळी खराब होते, पाणी वर जाईनासं होतं आणि पाय भरतो. लागण बहुतेक वेळा लहानपणीच झालेली असते, सूज दिसते ती कित्येक वर्षांनी. म्हणून बाई म्हणते, "बाळंतपणानंतर झालं", "पडले तेव्हापासून झालं". मूळ मात्र फार जुनं असतं.

हा आजार काही आजचा नाही. सुश्रुताच्या ग्रंथात तो श्लीपद या नावानं आहे. १८७२ साली टिमोथी लुईस या डॉक्टरांना कोलकात्यात माणसाच्या रक्तात हे जंतू दिसले आणि १८७७ साली पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये डासाचा संबंध शोधून काढला. आपल्या देशात १९५५ सालापासून यावर सरकारी कार्यक्रम चालू आहे. हे सांगायचं कारण, "हे कशानं होतं कोणालाच ठाऊक नाही, देवाला ठाऊक" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. ठाऊक होऊन दीडशे वर्षं होत आली.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण आमच्या गटात सगळ्यात जास्त डोळे उघडले ते तिनंच. ज्या बाईचा पाय सुजून जाड झालाय, तिच्या रक्तात बहुतेक वेळा हे जंतू सापडतच नाहीत. जंतू सापडतात ते वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात, ज्याला स्वतःलाही पत्ता नसतो. म्हणजे आपण जिच्याजवळ बसायला कचरतो, जिला हळदी-कुंकवाला बोलवत नाही, तिच्यापासून आपल्याला धोका जवळपास नसतो. रोग पसरवणारा कदाचित आपल्याच घरात टीव्ही बघत बसलेला असेल. मग तिला लांब ठेवून आपण काय साधलं?

आता पायाकडे येऊ. या पायाला दोन वेगवेगळी दुखणी असतात. एक सूज. दुसरं म्हणजे मधूनच येणारा ताप. थंडी वाजते, जांघेत गाठ येते, पाय लालबुंद होतो, हात लावला की चटका बसतो, चार-पाच दिवस उठवत नाही. बाया समजतात की किडे चावताहेत, अमावस्येला उठतंय. तसं नाही. त्या जाड झालेल्या कातडीला बोटांच्या बेचक्यात भेग पडते, चिखल्या होतात, खरचटतं. तिथून साधे जिवाणू आत शिरतात. चांगल्या पायात शिरले तर शरीर त्यांना परतवून लावतं, या पायात ते जमत नाही. मग ताप येतो. प्रत्येक तापानंतर पाय आणखी थोडा जाड होतो, कातडी आणखी खरखरीत होते आणि पुढच्या भेगेला जागा होते. म्हणून पाय वाढू द्यायचा नसेल तर हे ताप थांबवायचे. आणि ताप थांबवायचे तर कातडी स्वच्छ आणि अखंड ठेवायची.

आम्ही गटात करतो ते असं.

रोज पाय धुवायचा. जमलं तर दोनदा, नाहीतर रात्री निजण्याआधी एकदा तरी. साधा अंगाचा साबण आणि स्वच्छ, साधं गार पाणी. गरम पाणी नको, डेटॉल ओतलेलं जळजळीत पाणी नको, ब्रश-घासणी नको. हातानं हलके हलके, मांडीपासून खाली, प्रत्येक घडीत आणि प्रत्येक बेचक्यात बोट घालून. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घालायचं. मग जुन्या सुती साडीच्या मऊ फडक्यानं टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. बेचकं ओलं राहिलं तर धुतलेलं वाया गेलं समजा.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, बॅरल भरून ठेवावे लागतात, आणि तुम्ही दोनदा पाय धुवा म्हणता! आमच्याही घरी तेच बॅरल आहेत. पण एका पायाला एक लहान बादली पुरते. टबात पाय ठेवून मगानं पाणी घातलं तर ते पाणी संडासात टाकायला कामाला येतं. ज्यांची नोंद सरकारी दवाखान्यात झालेली असते त्यांना टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच मिळतो. तुमची नोंद नसेल तर आशाताईला सांगून करून घ्या.

पाय टिपला की दिव्याखाली बघायचा. भेग, फोड, पांढरं झालेलं बेचकं. स्वतःला वाकून दिसत नसेल तर मुलीला, सुनेला दाखवायचं. काही दिसलं तर दवाखान्यातून दिलेलं मलम लावायचं. हळद, चुना, तंबाखू, चुलीची राख, यातलं काही भरायचं नाही. फोड सुईनं फोडायचा नाही. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत.

मग पाय वर. रात्री गादीच्या पायथ्याखाली घडी घातलेली चादर किंवा उशी सरकवायची, म्हणजे पाय अंगापेक्षा थोडा उंच राहतो. चादरींच्या गावात चादरीला काय तोटा! हृदयाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. आणि हालचाल करायची. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या नि सोडायच्या, बसल्या बसल्या घोटा गोल फिरवायचा, पंजा पुढे-मागे करायचा. पिंडरी हलली की साचलेलं पाणी वर ढकललं जातं.

विडीच्या कामात हे कसं बसवायचं, यावर आमची बरीच चर्चा झाली. मांडीवर सूप घेऊन, मांडी घालून सहा-सहा, आठ-आठ तास बसायचं आणि पाय खाली दुमडलेले. यानं सूज वाढते. काम तर सोडता येत नाही. मग एका ताईनं हिशोब काढला. घड्याळ बघायला कोणाला सुचतंय? पण विड्या तर आपण मोजतोच. शंभर विड्या झाल्या की सूप खाली ठेवायचं, उभं राहायचं, टाचा पंधरा-वीस वेळा उचलायच्या. पुढच्या शंभराला सुजलेला पाय समोर पाटावर लांब करून बसायचं. आठवडाभर सवयीला लागलं, आता आपोआप होतं. विड्यांत फार घट होत नाही. तापात जे चार दिवस जातात त्यापेक्षा तर कितीतरी कमी. आणि तेंदूपानं भिजवायच्या ओल्या पोत्यावर पाय ठेवून बसायचं नाही.

चप्पल घाला. घरातही, संडासला जातानाही. घट्ट नको, टाचेला पट्टा असलेली, आत मऊ. यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वराला अनवाणी जायचा नवस असतो, आषाढीला पंढरपूरला चालत जायची इच्छा असते. आम्ही कोणाची श्रद्धा मोडायला निघालेलो नाही. पण देवानं दिलेल्या पायाला काटा टोचून चार दिवस ताप आला तर ते देवाला आवडेल असं आम्हाला वाटत नाही. जा, जरूर जा, चप्पल घालून जा, आणि मुक्कामाला पाय धुवा.

आणि जोडवी. हा विषय निघाला तेव्हा बैठकीत एकदम शांतता झाली. सुजलेल्या बोटात जोडवं रुततं, खाली मळ साचतो, कातडी कापली जाते, आणि ताप तिथूनच येतो. पण सवाष्णीनं जोडवी काढायची कशी? सासू काय म्हणेल? आमच्यातल्या सगळ्यात वयस्क अक्का बोलल्या, "नवऱ्याचं आयुष्य माझ्या बोटात अडकलेलं असतं तर त्यानं दारू कधीच सोडली असती." सगळ्या हसल्या आणि गाठ सुटली. आता ज्यांचा एक पाय सुजलाय त्या दुसऱ्या पायात घालतात, दोन्ही सुजलेल्या असतील त्या काळ्या पोतीत ओवून गळ्यात घालतात. कोणाचंही काही बिघडलेलं नाही.

इतकं करूनही कधी ताप आलाच तर काय करायचं? काम थांबवायचं, पडून राहायचं, पाय उशीवर. गार पाण्याची पट्टी ठेवायची, पाणी भरपूर प्यायचं, तापाला पॅरासिटामॉल. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं, कारण जिवाणू मारायचं औषध लागतं, आणि ते दिलेत तितके दिवस पूर्ण घ्यायचं. शेकायचं नाही, तेल लावून चोळायचं नाही, डाग तर बिलकुल द्यायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. तापात व्यायामही बंद. ज्यांना साखर आहे त्यांनी एक दिवसही थांबू नये. आणि लक्षात ठेवा, सुजलेला प्रत्येक पाय हत्तीपाय नसतो. हृदय, मूत्रपिंड, रक्ताची गुठळी, कारणं पुष्कळ. अचानक सूज आली, दम लागला, पोटरी दुखायला लागली तर आधी दवाखाना.

आता खरी गोष्ट. हे सगळं सांगायला पाच मिनिटं लागतात, पण रोज करायला कोण लावणार? एकटीनं पंधरा दिवस होतं, सोळाव्या दिवशी कंटाळा येतो. इथं गट उपयोगी पडतो.

आमच्या गटातली एक ताई बैठकीला यायची थांबली होती. बचतीचे पैसे मुलीच्या हातून वेळेवर पाठवायची. घरी गेलो तर दारातच म्हणाली, "मुलीचं बघायला येणारेत. त्यांनी माझा पाय बघितला तर लग्न मोडेल. लग्न होईपर्यंत मी बाहेर पडणार नाही." दवाखान्यात जाणंही तिनं त्याच भीतीनं बंद केलं होतं. तिला त्या वर्षात कितीतरी वेळा ताप आला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकलेला पाय फार महाग पडतो.

आम्ही तिला उपदेश केला नाही. आमच्यातल्या दोघी, ज्यांना हाच आजार आहे, तिच्या मोरीत बसल्या आणि आपले पाय धुऊन दाखवले. बास. दुसऱ्या आठवड्यात ती बैठकीला आली. मुलीकडच्या पाहुण्यांना पुढे तिनं स्वतःच सांगितलं, हा रोग डासातून होतो, माझ्या मुलीला माझ्यामुळे होणार नाही. एका घरानं नकार दिला. दुसऱ्यानं नाही दिला. नकाराचं दुःख झालंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लपवून दिलेली मुलगी सासरी कायम धाकात राहिली असती, हे तिचंच म्हणणं.

त्यानंतर गटानं काही नियम केले. प्रत्येक आजारी बाईला एक जोडीदारीण. रोज संध्याकाळी एवढंच विचारायचं, "धुतलास का पाय?" तापाच्या दिवसांत बैठक चुकली तर दंड नाही. त्या दिवसांत तिचा तयार माल जोडीदारीण कारखान्यात पोचवणार आणि पानं-तंबाखू आणून देणार. औषधाला पैसे लागले तर गटाच्या पैशातून त्याच दिवशी लहान कर्ज, बैठकीची वाट बघायची नाही. आणि घरातल्या दाते पंचांगाच्या दिनदर्शिकेवर ताप आलेल्या दिवशी लाल टिकली चिकटवायची. लिहिता-वाचता येत नसलं तरी टिकल्या मोजता येतात. आधी पानोपानी टिकल्या असायच्या. आता कित्येकींची दोन-दोन, तीन-तीन पानं कोरी जातात. त्या कोऱ्या पानाचा आनंद आम्हाला बँकेच्या कर्जमंजुरीपेक्षा जास्त होतो.

हे फक्त आपलंच शहाणपण नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी हैती देशातल्या लेओगान गावात या रुग्णांचे असेच गट सुरू झाले. त्यांना ते आशेचे क्लब म्हणत. आपल्याकडे ओडिशातल्या खुर्दा जिल्ह्यात गावातल्या स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन पाय धुवायला शिकवलं, तिथंही तापाचे हल्ले कमी झाले आणि बुडणारे कामाचे दिवस कमी झाले. साबण, पाणी आणि सोबत, एवढ्यावर.

खोटी आशा मात्र आम्ही देणार नाही. जुनी, कडक झालेली सूज पूर्ण उतरत नाही. बाजारात "महिन्यात पाय पहिल्यासारखा" म्हणून औषध विकणारे भेटतील, त्यांच्यावर गटाचं कर्ज काढू नका. पण सूज कोवळी असेल, रात्री झोपून उठल्यावर उतरत असेल, तर या काळजीनं खूप फरक पडतो. आणि जुन्या पायाचाही वास जातो, कातडी मऊ होते, चालवतं, कामाला जाता येतं, लग्नाला जाता येतं.

घरातल्या पुरुषांसाठी एक निरोप. अंडवृद्धी हाही बऱ्याचदा याच रोगाचा भाग असतो. ते लाजेनं धोतरात, लुंगीत झाकून वर्षं काढतात. त्याला ऑपरेशन आहे, सरकारी रुग्णालयात मोफत होतं आणि माणूस बरा होतो. बायांनो, हे तुम्हीच घरी सांगा, दुसरं कोणी सांगणार नाही.

आणि आता गोळ्या. ज्या भागात मोहीम असते तिथं आशाताई डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या आणतात. देशभर ही मोहीम २००४ पासून चालू आहे आणि २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं देशानं ठरवलंय. "मला काही झालेलं नाही, मी कशाला खाऊ?" असं म्हणून लोक गोळ्या कपाटात ठेवतात. पण आधीच सांगितलं, रक्तात जंतू असतात ते धडधाकट माणसाच्याच. गोळी त्याच्यासाठीच आहे. जेवून, ताईंच्या समोर गिळायची. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस, यांना द्यायची नाही. गोळीनंतर कोणाला ताप, चक्कर, डोकेदुखी होते. बहुतेक वेळा आतले जंतू मरताहेत त्याची ती खूण असते आणि दिवस-दोन दिवसांत थांबते. त्रास जास्त वाटला तर ताईंना कळवायचं. रात्री रक्त घ्यायला पथक आलं तर दार उघडा. हे जंतू रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून ते बिचारे रात्री फिरतात.

संडासाच्या टाकीच्या पाइपला वर जाळी किंवा जुन्या साडीचा तुकडा बांधा, दारापुढचं गटार वाहतं ठेवा, मच्छरदाणी लावा. आपला पाय गेला, निदान नातवंडांचे तरी वाचवू.

शेवटी ज्या आत्ता हे ऐकताना साडी खाली ओढून बसल्या असतील त्यांना सांगायचंय. तुम्ही काही पाप केलेलं नाही. तुम्हाला डास चावले, एवढंच. आज रात्री पाय धुवा, टिपा, बघा, उशीवर ठेवा. उद्या शेजारणीला सांगा. आणि शेजारणींनो, तुमच्या गल्लीत बैठकीला न येणारी, हळदी-कुंकवाला न येणारी कोण आहे ते आठवून बघा. निरोप पाठवू नका, स्वतः जा. जाताना एक साबणाची वडी घेऊन जा.